मारकडवाडीची कागदी पेटी

सोलापूर म्हटलें कीं बाहेरच्या माणसास प्रथम चादर आठवते, मग शेंगदाण्याची चटणी, आणि फार झालें तर संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. परंतु राज्यकर्त्यांस उलट प्रश्न विचारण्याची या शहरास जुनी खोड आहे, व तिचा सोलापूरकरांस सार्थ अभिमानहि आहे. १९३० सालच्या मे महिन्यांत येथें लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे हे चार सोलापूरकर येरवड्यास फांसावर चढले. मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू या चारहि भाषा ज्या बाजारांत एकाच सौद्यांत ऐकूं येतात, त्या गांवचे हुतात्मेहि असे चार घरचे असावेत, यांत नवल नाहीं.

पुढें १९५२ सालीं पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हां सोलापूर हा दोन खासदार निवडणारा मतदारसंघ होता. शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे व शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे पां. ना. राजभोज हे दोघे येथून निवडून आले. त्या वेळची मतदानाची रीत आजच्या तरुणांस सांगितली तर गंमत वाटेल. मतपत्रिकेवर कसलीहि खूण करावयाची नसे. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. पेटीवर त्याचें चिन्ह चिकटविलेलें. मतदारानें आडोशास जाऊन आपल्या पसंतीच्या पेटींत कागद टाकला कीं काम झालें. मुंबईस विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यांत त्या निवडणुकीसाठीं लक्षावधि लोखंडी पेट्या तयार झाल्या होत्या. अक्षरशत्रु माणसासहि त्या व्यवहारांतील प्रत्येक पायरी समजत होती, कारण तींत न दिसणारें असें कांहींच नव्हतें. कागद हातांत आला, पेटींत पडला, पेटीस लाख लागली, लाख फोडून कागद मोजले.

हें सारें येथें सांगण्याचें कारण असें कीं, याच जिल्ह्याच्या वायव्य टोंकावरील एका लहानशा वाडीनें २०२४ सालीं ती जुनी कागदी पेटी एक दिवसापुरती परत मागितली, आणि ती तिला मिळाली नाहीं. ती वाडी म्हणजे माळशिरस तालुक्यांतील मारकडवाडी.

सोलापुराहून माळशिरसास जावयाचें म्हणजे शंभर किलोमीटरांहून अधिक मजल आहे. मोहोळ मागें टाकून पंढरपुरास यावें, चंद्रभागा ओलांडावी आणि मग ज्या मार्गानें आषाढांत ज्ञानोबांची पालखी पंढरीस येते, त्याच मार्गानें उलट दिशेनें निघावें. वाखरी, भंडीशेगांव, वेळापूर, माळशिरस, नातेपुते, हीं मुक्कामांचीं गांवें वारकऱ्याच्या तोंडीं ज्या क्रमानें असतात त्याच्या नेमकीं उलट आपल्यापुढें येतात. रस्ता आतां इतका रुंद झाला आहे कीं पूर्वीं ज्यानें तो पाहिला त्यास तो ओळखूं येऊं नये. वेळापुरास मात्र घटकाभर थांबावें. तेथील अर्धनारीनटेश्वराचें यादवकालीन मंदिर या रस्त्यावरून जाणारे शेंकडा नव्वद प्रवासी न पाहतांच पुढें जातात, याचें वाईट वाटतें.

वेळापुरापासून पुढें मुलूख दुरंगी होत जातो. नीरेच्या उजव्या कालव्याचें पाणी जेथवर पोंचलें आहे तेथवर ऊंस, आणि जेथें तें पोंचलें नाहीं तेथें ज्वारी, बाभळी व मेंढरांचे कळप. पश्चिमेस शिखर शिंगणापुराकडील डोंगरांची रांग दिसूं लागते. सासवडच्या माळी समाजांतील बागाइतदार या कालव्याच्या पाण्यावर विसंबून एके काळीं इकडे आले व त्यांनीं माळीनगरास साखरेचा कारखाना उभारला. अकलूजच्या सहकारी कारखान्याची कीर्ति तर सर्वांस ठाऊकच आहे. अशा ऊंसाच्या मुलखांत राजकारण कसें असतें हें सांगावयास नको. कोणाचा ऊंस आधीं तुटतो येथपासून कोणाच्या मुलीच्या लग्नास कोण आलें येथपर्यंत सर्व गोष्टींचा मताशीं संबंध जोडला जातो. प्रत्येक वाडींत दोन गट, आणि कोणता उंबरा कोणत्या गटाचा, हें शाळेंतील पोरहि सांगूं शकतें. निदान सांगूं शकतों, असें त्यास वाटतें.

आतां प्रत्यक्ष हकीकत. महाराष्ट्राच्या विधानसभेसाठीं २० नोव्हेंबर २०२४ रोजीं मतदान झालें व २३ तारखेस मोजणी झाली. अनुसूचित जातींसाठीं राखीव असलेल्या माळशिरस मतदारसंघांत राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाचे उत्तमराव जानकर यांनीं भारतीय जनता पक्षाचे राम सातपुते यांचा १३,१४७ मतांनीं पराभव केला. म्हणजे मारकडवाडींतील जो गट पुढें तक्रार घेऊन उठला, त्याचाच उमेदवार विजयी झाला होता. गुलाल उधळून मोकळें व्हावें अशी ही वेळ. परंतु गांवचे आंकडे हातीं आले, तेव्हां वाडींत सातपुते यांस १००३ आणि जानकर यांस ८४३ मतें पडल्याचें दिसलें. जानकर गटाच्या लोकांस हें पटेना. मागील निवडणुकांत आमच्या गांवचें मताधिक्य कोणीकडे असे हें आम्ही जाणतों, यंदा तें उलटें कसें झालें, असा त्यांचा प्रश्न होता. दुसऱ्या गटाचें म्हणणें सरळ होतें: हीं मतें आम्हीं दिलीं आहेत, त्यांत शंका कसली?

मग गांवकऱ्यांनीं असें ठरविलें कीं, ३ डिसेंबर रोजीं आपल्या खर्चानें मतपत्रिका छापून, पेटी ठेवून, गांवांत पुन्हां एकदां मतदान घ्यावयाचें. निवडणूक म्हणून नव्हे, तर केवळ पडताळा पाहण्यासाठीं. तहसीलदारांकडे अर्ज गेला. कायद्यांत अशी कांहीं तरतूद नाहीं म्हणून तो नाकारला गेला. प्रशासनानें जमावबंदीचा हुकूम काढला. ३ तारखेस सकाळीं वाडींत पोलिसांचा मोठा बंदोबस्त होता, आणि एक जरी मत पेटींत पडलें तरी गुन्हा नोंदला जाईल अशी समज देण्यांत आली. जानकर व ग्रामस्थ यांनीं विचारविनिमय करून मतदान रहित केलें. तरी त्यांच्यापैकीं अनेकांवर गुन्हे दाखल झालेच. पांच दिवसांनीं, ८ डिसेंबर रोजीं, शरद पवार स्वतः त्या वाडीस आले. पाठोपाठ दुसऱ्या पक्षाचेहि पुढारी येऊन सभा करून गेले. ज्या गांवाचें नांव तालुक्याबाहेर फारसें कोणास ठाऊक नव्हतें, तें आठ दिवसांत देशभर झालें.

या पक्षोपपक्षांच्या वादांत पडण्याचें येथें प्रयोजन नाहीं. आम्हांस या प्रकरणांत जी गोष्ट विचार करण्याजोगी वाटते ती निराळीच आहे. मारकडवाडीस आपल्या गांवचा आंकडा कळलाच कसा?

मतपत्रिकांच्या काळांत मोजणीपूर्वीं निरनिराळ्या केंद्रांवरील मतपत्रिका एकमेकींत मिसळून टाकण्याची तजवीज निवडणुकीच्या नियमांतच होती. जात्यांत ज्वारी पडली कीं कोणत्या शेताचा दाणा कोणता हें जसें ओळखतां येत नाहीं, तसेंच हें होतें. हेतु हा कीं, कोणत्या गांवानें कोणास मत दिलें हें पुढाऱ्यांस कळूं नये, आणि निवडून आलेल्या माणसानें एखाद्या गांवाचा रस्ता किंवा पाणी सूड म्हणून अडवूं नये. यंत्र आलें आणि ही मिसळ संपली. प्रत्येक केंद्राचें यंत्र आपली बेरीज स्वतंत्रपणें सांगतें, व ती कागदावर छापली जाते. अनेक यंत्रांची बेरीज एकत्र दाखविणारें एक जोडयंत्र वापरावें, अशी सूचना निवडणूक आयोगानें २००८ सालीं केली होती. २०१५ सालीं विधि आयोगानेंहि तशी शिफारस केली. केंद्र सरकारनें ती मान्य केली नाहीं. म्हणजे मतदारास ज्याच्या पोटांत काय चाललें आहे तें दिसत नाहीं, असें हें यंत्र गांवाच्या पोटांतील गोष्ट मात्र चव्हाट्यावर मांडतें. मारकडवाडीचा सारा पेंच या एका विसंगतींतून निघाला आहे.

आपल्या एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस यांतील मर्म चटकन् कळेल. आमच्या घरीं मतदानाच्या दिवशीं अकरा माणसें एकाच वेळीं घराबाहेर पडत. घरांत वडील माणसांचें मत काय आहे तें सर्वांस ठाऊक असे, कारण तें आठ दिवस जेवतांना ऐकलेलें असे. आजी मात्र कोणास मत दिलें तें कधींहि बोलली नाहीं. काकांनीं एकदां हंसत हंसत विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "तुम्हांला सांगायचं असतं तर आडोसा कशाला केला असता सरकारनं?" ती गेली, पण तिचें मत आजवर कोणास कळलें नाहीं, व घरांतहि त्यावरून कधीं वांकडें आलें नाहीं. आतां अशी कल्पना करा कीं, एके दिवशीं कोणी येऊन आपल्या दारावर चिठ्ठी लाविली: या घरांतील अकरा मतांपैकीं पांच इकडे पडलीं व सहा तिकडे. नांवें नाहींत, फक्त आंकडा. त्या रात्रीं पंक्तीस बसल्यावर कोण कोणाकडे कसें पाहील?

मारकडवाडीच्या पुढें नेमका हाच प्रश्न टाकला गेला. १००३ हा आंकडा खरा मानावा, तर आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांपैकीं, कदाचित् भावकींतील कोणीतरी, आपल्याशीं एक बोलून आंत दुसरें करून आला असें मानावें लागतें. तो खोटा मानावा, तर दोष यंत्राकडे जातो. गांवांतील मोठ्या गटानें यंत्रावर संशय घेणें पसंत केलें. यांत त्यांची हट्टी समजूत असेल, राजकारणहि असेल; परंतु ज्यांच्याबरोबर उद्यां बांधावर उभें राहावयाचें आहे त्यांच्यावर संशय घेण्यापेक्षां पेटीवर घेणें माणसास सोपें जातें, हेंहि त्यांत आहे.

आतां यंत्राविषयीं थोडें. मतदान-यंत्राची कल्पना मुख्य निवडणूक आयुक्त श्यामलाल शकधर यांनीं १९७७ सालीं मांडली. तें हैदराबाद व बंगळूर येथील दोन सरकारी कारखान्यांत तयार होतें. तें बाहेरच्या कोणत्याहि जाळ्यास जोडलेलें नसतें व बॅटरीवर चालतें. त्याचे उपकार नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. शिक्का दोन चिन्हांच्या मधोमध पडून बाद होणारीं हजारों मतें त्यानें वांचविलीं. मिनिटास चारांहून अधिक मतें तें घेत नाहीं, म्हणून केंद्र बळकावून घटकाभरांत गठ्ठेच्या गठ्ठे पेटींत कोंबण्याचा जुना धंदा बसला. आतां त्याच्या शेजारीं चिठ्ठीचें यंत्रहि असतें. बटण दाबलें कीं कांचेआड एक कागदी चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग खालच्या डब्यांत पडते. मोजणीच्या वेळीं प्रत्येक मतदारसंघांतील पांच यंत्रांच्या चिठ्ठ्या सोडत काढून मोजतात. महाराष्ट्रांत २०२४ सालीं अशा १४४० यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या व एकींतहि तफावत आढळली नाहीं, असें निवडणूक अधिकाऱ्यांनीं जाहीर केलें. हा पुरावा हलका नाहीं. परंतु ज्या गांवास शंका आहे त्याच्या समाधानास तो अपुरा पडतो, कारण त्याची चिठ्ठ्यांची पेटी सोडतींत निघाली तरच उघडणार.

यावर कोणी म्हणेल कीं, कायद्याचे दरवाजे उघडे आहेत, ते ठोठवावे. तेहि पाहूं. २६ एप्रिल २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कागदी मतदानाकडे परत जाण्याची मागणी फेटाळली, पण एक नवी सोय करून दिली. दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकावर पडलेल्या उमेदवारास सात दिवसांच्या आंत खर्च भरून शेंकडा पांच यंत्रांची तपासणी मागतां येते. माळशिरसास दुसऱ्या क्रमांकावर होते सातपुते, आणि मारकडवाडींत अधिक मतें मिळाल्याबद्दल त्यांनीं तक्रार करण्याचें कारण नव्हतें. जानकर विजयी झाले, म्हणून त्यांस ही सोय नाहीं. राहिला उच्च न्यायालयांतील निवडणूक-अर्ज. तो साध्या मतदारासहि करतां येतो. परंतु तो असतो निवडून आलेल्याची निवड रद्द व्हावी म्हणून. आपलाच उमेदवार पाडण्याचा अर्ज कोण करणार? गांव या नात्यानें गांवानें विचारावयाचा प्रश्न घेऊन जावयास कायद्यांत खिडकीच ठेवलेली नाहीं. म्हणून मग वाडीनें आपल्या चावडीवर पेटी मांडावयाचें ठरविलें.

या यंत्राचा जन्मच वादांत झाला, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. केरळांतील परूर मतदारसंघांत १९ मे १९८२ रोजीं पन्नास केंद्रांवर तें प्रथम वापरलें गेलें. कम्युनिस्ट उमेदवार शिवन पिळ्ळै हे मतदानापूर्वींच यंत्रास विरोध करीत न्यायालयांत गेले होते. तेथें दाद लागली नाहीं. आणि निकाल लागला तो पिळ्ळै हेच १२३ मतांनीं विजयी! मग हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस न्यायालयांत गेले. कायद्यांत यंत्राचा उल्लेखच नाहीं म्हणून सर्वोच्च न्यायालयानें १९८४ सालीं त्या पन्नास केंद्रांवर कागदी फेरमतदान करविलें, व त्यांत जोस निवडून आले. पुढें कायदा बदलला, आणि २००४ सालापासून लोकसभेच्या सर्व जागांसाठीं यंत्रें आलीं. त्या पहिल्याच प्रसंगावरून एक गोष्ट दिसते. यंत्राविषयींची तक्रार बहुधा हरलेल्याच्या तोंडीं असते व निकाल फिरला कीं तक्रार करणाराहि बदलतो. मारकडवाडीचें वेगळेपण यांत आहे कीं तेथें तक्रार जिंकलेल्या बाजूची होती. त्यामुळें ती खरी ठरत नाहीं. पण रडीचा डाव म्हणून ती झटकून टाकतां येत नाहीं, एवढें खरें.

आणि ही शंका कांहीं अडाणी खेड्यापुरती नाहीं. जर्मनीसारख्या यंत्रविद्येंत अग्रेसर देशांत एक पदार्थवैज्ञानिक व त्याचे राज्यशास्त्रज्ञ वडील या बापलेकांनीं मतदान-यंत्रांविरुद्ध दाद मागितली. तेथील घटना-न्यायालयानें ३ मार्च २००९ रोजीं असा निर्णय दिला कीं, मतमोजणीच्या मुख्य पायऱ्या विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकासहि स्वतः पडताळून पाहतां आल्या पाहिजेत. न्यायालयानें ती निवडणूक मात्र रद्द केली नाहीं, कारण लबाडी झाल्याचा पुरावा नव्हता. आफ्रिकेंतील नामिबिया या देशाची हकीकत तर आपल्याशीं थेट जोडलेली आहे. त्यानें आपल्याकडून, भारतांतून, यंत्रें विकत घेतलीं, आणि २०१४ सालीं त्यांवर देशव्यापी निवडणूक घेतली. कागदी पुराव्यावांचून हीं यंत्रें वापरणें गैर आहे, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें, आणि २०२४ च्या नोव्हेंबर महिन्यांत तो देश कागदाकडे परतला. तर काय, मतपत्रिकाच अपुऱ्या पडल्या! लोक रांगेंत तासन् तास ताटकळले, मतदानाची मुदत वाढवावी लागली, आणि त्यावरूनहि न्यायालयांत वाद गेला. कागदाच्या नांवानें गळा काढणाऱ्यांनीं हेंहि ध्यानांत ठेवावें. योगायोग असा कीं, त्या कागदी निवडणुकीचा निकाल जाहीर झाला तो दिवस ३ डिसेंबर २०२४ हाच होता, ज्या दिवशीं मारकडवाडींतील छापून ठेवलेल्या मतपत्रिका कोऱ्याच राहिल्या.

त्या दिवशीं ते मतदान झालें असतें तरी त्यावरून कांहीं सिद्ध झालें असतें, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. निकाल लागून गेलेला. आमदार कोण तें ठरलेलें. गांवचे प्रमुख लोक पेटीजवळ उभे. आणि दुसरा गट मतदानास येणारच नाहीं असें म्हणतो. अशा पेटींत २० नोव्हेंबरचीं मतें परत कशीं यावीं? ज्यानें त्या दिवशीं गुपचूप वेगळें बटण दाबलें असेल, तो या पेटीसमोर तेंच करील कशावरून? गांवचा निकाल शंभर टक्के एकीकडे लागला असता, आणि आजीसारखीं जीं माणसें आपलें मत पोटांत ठेवूं इच्छितात तीं अधिकच अडचणींत आलीं असतीं. गुप्त मताची दुसरी आवृत्ति निघत नाहीं.

पण सरकारनें बंदोबस्तावर जो खर्च केला, त्याच्या अल्पांशांत त्या वाडीच्या शंकेचें उत्तर देतां आलें असतें असेंहि वाटतें. २० नोव्हेंबरच्या मतदानाच्या कागदी चिठ्ठ्या त्या वेळीं सीलबंद पेटींत शाबूत होत्या. त्या प्रत्येक मतदारानें सात सेकंद कांचेआडून पाहिलेल्या, आणि कोणाचेंहि नांव नसलेल्या. दोन्ही गटांचे माणूस समोर बसवून त्या मोजल्या असत्या तर दुपारच्या जेवणापूर्वीं काम आटोपतें. नियमांत तशी वाट नाहीं, हें खरें. परंतु जोडयंत्राचा नियम करावयास आणि शंका घेणाऱ्या गांवास त्याच्या खर्चानें चिठ्ठ्या मोजून दाखविण्याचा नियम करावयास संसदेस कोणी अडविलेलें नाहीं. पहिल्या नियमानें गांवाचा आंकडा झांकला जाईल, दुसऱ्यानें यंत्राचें पोट उघडेल. आज नेमकें उलटें आहे.

माळशिरसाहून सोलापुरास परततांना पंढरपूरच्या अलीकडे ऊंसाच्या गाड्यांची रांग लागते, आणि मोहोळपर्यंत वेळ फार मोडतो. ज्यांस वेळापूरचें मंदिर पाहावयाचें असेल त्यांनीं तें जातांनाच पाहून घ्यावें.